औषधोपचाराला सवयीची जोड

क्षयरोगावर खात्रीचा औषधोपचार आज उपलब्ध आहे आणि शासकीय आरोग्य केंद्रांतून तो विनामूल्य मिळतो. तरीही अनेक रुग्णांचा उपचार अर्धवट राहतो. रोज औषध घेण्याच्या कामी पडणारा खंड हे त्याचे एक मोठे कारण होय.

नेहमीच्या क्षयरोगावरील उपचार साधारणतः सहा महिने चालतो. पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन औषधे रोज घ्यावयाची असतात. काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागू लागते. रुग्ण पुन्हा शेतावर वा कामावर जातो आणि आता आपण बरे झालो, असे समजून गोळ्या सोडून देतो. घात होतो तो नेमका येथे. शरीरात दडून राहिलेले जंतू पुन्हा वाढतात आणि औषधांना दाद न देणारे बनू शकतात. असा दुर्धर क्षय इतरांनाही जडतो. म्हणजे एका घरातील विसरलेल्या गोळ्यांची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागू शकते.

मद्रासचा धडा

हा प्रश्न आजचा नाही. मद्रास येथे १९५६ साली क्षयरोग उपचारासंबंधीचे संशोधन केंद्र सुरू झाले. गरीब वस्तीतील रुग्णांना घरी ठेवून दिलेला औषधोपचार आरोग्यधामातील उपचाराइतकाच गुणकारी ठरतो, हे तेथील अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिले. उपचार अशा रीतीने रुग्णालयातून घरात आला, परंतु त्याबरोबर तो नियमितपणे घेण्याची जबाबदारीही घरावर आली. पुढे १९९७ पासून सुधारित राष्ट्रीय कार्यक्रमात रुग्णाने दुसऱ्या व्यक्तीच्या देखत औषध घ्यावे, अशी पद्धत अवलंबिण्यात आली. देखरेखीचे महत्त्व आजही आहेच. तथापि, सहा महिने रोज कोणी ना कोणी समोर असेलच असे नाही. तेथे सवय उपयोगी पडते.

सवय कशी जडते?

एखादी कृती ठराविक ठिकाणी, ठराविक कामापाठोपाठ वारंवार केली म्हणजे ते आधीचे काम हीच तिची आठवण ठरते. सायंकाळ झाली की देवापाशी दिवा लावण्यासाठी कोणाला घड्याळ पाहावे लागत नाही. औषधाचेही तसेच करता येते. ‘रोज औषध घेईन’ हा संकल्प मोघम आहे. ‘सकाळी तोंड धुतले की चहापूर्वी, माठाजवळ उभे राहून गोळ्या घेईन’ हा संकल्प नेमका आहे. औषध केव्हा घ्यावे, रिकाम्या पोटी की जेवणानंतर, हे डॉक्टरांनी सांगावे. ते कोणत्या कामाला जोडावे, हे मात्र रुग्णाने आपल्या दिनक्रमाप्रमाणे ठरवावे.

लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. खाणे, पिणे व व्यायाम यांच्याशी संबंधित नवी सवय अंगवळणी पडण्यास काहींना १८ दिवस, तर काहींना सुमारे २५४ दिवस लागतील, असे त्यात आढळले. मध्यक ६६ दिवसांचा होता. हा अभ्यास औषधांविषयीचा नसला तरी त्यातून बोध घेता येतो. पहिल्या दोन महिन्यांत रोगाचा त्रासच औषधाची आठवण देत असतो. तो त्रास ओसरेपर्यंत सवय रुजली पाहिजे, म्हणून प्रारंभीचा काळ सर्वाधिक जपावयाचा होय. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असेही या अभ्यासात दिसून आले. गोळी चुकल्यास मात्र दुसऱ्या दिवशी दुप्पट न घेता आरोग्य कर्मचाऱ्याचा सल्ला घ्यावा.

सवय मोडते कोठे?

सवय ही जागेशी बांधलेली असते. दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. घर सुटते, सकाळची वेळ बदलते आणि गोळ्यांचा नेमही सुटण्याचा धोका निर्माण होतो. अशा रुग्णाची नोंद निघण्यापूर्वीच नव्या ठिकाणच्या केंद्राकडे वर्ग व्हावयास हवी आणि गोळ्या तेथे कोणत्या कामाला जोडावयाच्या, हेही आधी ठरावयास हवे.

दुसरी अडचण संकोचाची. रोग उघड होईल या भीतीने एखादी सासुरवाशीण गोळ्या पेटीच्या तळाशी लपवून ठेवते. जी वस्तू दृष्टीस पडत नाही, तिची आठवणही होत नाही. मुलांच्या हाती लागणार नाहीत, परंतु सर्वांना दिसतील अशा उंच फळीवर गोळ्या ठेवण्याची मोकळीक तिला मिळाली पाहिजे. ती मोकळीक घरातील वडीलधाऱ्यांच्या आणि गावाच्या वागण्यावर अवलंबून आहे.

सर्वांचा वाटा

सवय हा सर्व अडचणींवरील उपाय नव्हे. मळमळ, कावीळ यांसारखा त्रास झाल्यास रुग्णाने विनाविलंब केंद्रात जावे. औषधांचा साठाच वेळेवर पोचला नाही, तर उत्तम सवयही निरुपयोगी ठरते. ती जबाबदारी यंत्रणेची आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दिनदर्शिकेवर घरातील रुग्णाच्या गोळीची खूण करावयास शिकवावे, मात्र कोणाच्या घरी रुग्ण आहे याची वर्गात चौकशी करू नये. पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीबरोबर रुग्णाच्या घरी जाऊन ‘गोळ्या घेता ना?’ एवढेच विचारून न थांबता ‘कोणत्या कामानंतर घेता?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला चटकन देता आले, तर उपचार योग्य मार्गावर आहे असे समजण्यास हरकत नाही. ते देता आले नाही, तर तेथेच बसून त्याच्यासह ते शोधून काढणे ही मोलाची लोकसेवा ठरेल.