कार्तिकअखेरचे मळभ आणि किमान तापमानाचा आकडा

ईशान्येकडचे कोरडे वारे स्थिरावल्यानंतर महाराष्ट्रात नोव्हेंबरचा उत्तरार्ध सहसा निरभ्र आकाशाचा आणि रात्रीगणिक वाढत्या गारव्याचा असतो. परंतु या क्रमात अधूनमधून असा एखादा आठवडा शिरतो, की ज्यात पाऊस नावापुरताच पडतो, आकाश मात्र झाकोळलेले राहते, थंडी ओसरते आणि हवेत दमटपणा भरून राहतो. ‘थंडी गायब’ एवढ्या मथळ्यावर वृत्तपत्रे अशा आठवड्याची बोळवण करतात आणि वाचकाचे लक्ष पावसाच्या ओळीवर खिळते. वास्तविक या दिवसांच्या प्रादेशिक अंदाजात पावसापेक्षा किमान तापमान आणि आर्द्रता यांच्याच आकड्यांना अधिक अर्थ असतो.

हा ओलावा बहुधा बंगालच्या उपसागरातून येतो. दक्षिण भारतात ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम चालू असताना या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र, म्हणजे ज्याच्या मध्यभागाकडे सभोवतालची हवा वाहू लागते असा भाग, निर्माण झाले, की महाराष्ट्रावरच्या वाऱ्यांची दिशा पालटते आणि उत्तरेच्या कोरड्या हवेऐवजी पूर्वेची किंवा आग्नेयेची बाष्पयुक्त हवा राज्यात शिरते. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीजवळ किनारा ओलांडणाऱ्या ‘फेंगल’ चक्रीवादळाचे अवशेष तामिळनाडू आणि कर्नाटकावरून अरबी समुद्राकडे सरकले, तेव्हा शेकडो किलोमीटर दूर असलेल्या महाराष्ट्रातही नुकतीच रुळू लागलेली थंडी मोडली, आणि राज्याच्या दक्षिण भागात ढगांबरोबर तुरळक पाऊसही आला.

ढग आणि रात्रीचे तापमान यांचा संबंध सरळ आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णताकिरणांच्या रूपाने आपली उष्णता आकाशात सोडते. आकाश मोकळे आणि हवा कोरडी असेल तर ती निघून जाते, पण वर ढगांचा थर आणि हवेत भरपूर बाष्प असेल तर तिचा बराचसा भाग शोषला जाऊन पुन्हा जमिनीकडे परततो, त्यामुळे किमान तापमान चढेच राहते. दिवसा हेच ढग ऊन अडवत असल्याने कमाल तापमान घटते, आणि दोहोंमधले अंतर आक्रसते. निफाडच्या परिसरात निरभ्र रात्री जड, थंड हवा सखल भागात साचते, म्हणून तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला नीचांक हिवाळ्यात बातमीचा विषय होतो. मळभाच्या आठवड्यात ती नोंद बातमीतून दिसेनाशी होते, यात नवल नाही.

अंदाजाची भाषाही नीट समजून घ्यावी लागते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाने महाराष्ट्रासाठी कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे उपविभाग मानले आहेत. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ त्या क्षेत्रातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल असा असतो; उरलेल्या केंद्रांच्या परिसरात एकही थेंब पडला नाही, तरी अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. हे विधान क्षेत्राविषयीचे असते, कोणा एकाच्या शिवाराविषयीचे नसते. उथळ ढगांतून पडणारा असा हलका पाऊस नेमक्या गावापुरता सांगणे संगणकीय प्रारूपांना जड जाते; वाऱ्यांची दिशा आणि बाष्पाचा पुरवठा मात्र ती काही दिवस आधी बऱ्यापैकी सांगू शकतात, आणि म्हणूनच ‘किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी वाढ’ हे वाक्य पावसाच्या वाक्यापेक्षा सहसा अधिक भरवशाचे असते.

अशा ढगाळ, दमट आठवड्याची खरी झळ द्राक्षबागांना लागते. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांत ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झालेली असते, त्यामुळे नोव्हेंबरअखेरीस अनेक बागा फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या अवस्थेत असतात, आणि ही अवस्था अत्यंत नाजूक असते. बागायतदार ज्याला डावणी म्हणतात त्या केवडा रोगाच्या सूक्ष्म बीजाणूंना पानावर काही तास टिकणारे पाणी लागते. ते पाणी पावसाचे असो वा दवाचे, रोगाला फरक पडत नाही. मोजमापात जेमतेम भरणारा पाऊसही म्हणून येथे पुरेसा असतो. कोकणात हापूसला मोहोर येण्यासाठी सलग थंडी हवी असते, तर ढगाळ हवेत तुडतुडे बळावतात. तुरीच्या फुलोऱ्यावर आणि हरभऱ्यावर घाटेअळीची भीती असते. मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध होणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यांत या पिकांचा विचार पाच दिवसांच्या अंदाजाशी जोडून केलेला असतो. शहरी वाचकाने असा सल्ला एकदा तरी वाचावा, कारण तोच आठवडा त्यात अगदी निराळा दिसतो.

समुद्रातले कमी दाबाचे क्षेत्र दूर गेले आणि उत्तरेचे वारे परतले, की अंदाजाच्या पत्रकात ‘हवामान कोरडे राहील’ अशी ओळ येते, पण तिच्यात फक्त पाऊस नसल्याची हमी असते. जमिनीत आणि जमिनीलगतच्या हवेत ओल शिल्लक असते; आकाश मोकळे झाल्याने जमीन वेगाने निवते, हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे जेथे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापर्यंत, पोचते, आणि नदीकाठी पहाटे दाट धुके पडते. अंदाजानुसार ‘कोरड्या’ ठरलेल्या त्या रात्री बागेतली पाने ढगाळ रात्रीपेक्षाही अधिक वेळ ओली राहू शकतात, त्यामुळे ढग पांगल्यानंतरही दोन-तीन दिवस बागायतदार औषधफवारणीचा पंप जागेवर ठेवत नाहीत.