मेणबत्तीने काढलेला तारा

डिसेंबर लागला की वसईच्या गावांत, मुंबईत वांद्र्याच्या गल्ल्यांत आणि गोव्यातल्या घरांच्या दारांवर कागदी तारे झुलू लागतात. येशूच्या जन्माच्या वेळी आकाशात एक तेजस्वी तारा दिसला होता, अशी कथा बायबलमध्ये आहे. हे तारे त्याचीच आठवण. ‘नाताळ’ हा आपला शब्दही पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. वसईवर १७३९ पर्यंत आणि गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांची सत्ता होती. त्या संबंधातून तो मराठीत रुळला.

या नाताळात असाच एक तारा तुम्ही कागदावर काढा. मात्र एकट्याने नव्हे, तर घरातल्या किंवा शेजारच्या चार-पाच वर्षांच्या छोट्या भावंडाला बरोबर घेऊन. तारा तुम्ही काढायचा, पण तो दिसू द्यायचा नाही. दिसेल तो त्या छोट्याच्या हातून! यात जादू काही नाही. आहे ते पाण्याचे विज्ञान.

साहित्य

चित्रकलेचा जाड कागद, पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा, जलरंगातील गडद निळा रंग, रुंद ब्रश, वाटीभर पाणी, पेन्सिल, कंपास आणि खाली अंथरायला जुने वर्तमानपत्र. वहीचा पातळ कागद घेऊ नका. तो भिजला की सुरकुततो आणि ब्रश फिरवताना फाटतो. मेणबत्ती पेटवायची नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याला ती खडूसारखी वापरायची आहे.

कृती

कागद मधोमध दुमडून शुभेच्छापत्रासारखी घडी पाडा आणि पुन्हा उलगडून सपाट ठेवा. वरच्या पानाची बाहेरची बाजू म्हणजे तुमचे रात्रीचे आकाश. मेणबत्ती मोडली की तिला एक धारदार कडा मिळते. त्या कडेने आकाशात वरच्या बाजूला एक मोठा तारा काढा. हात दाबून फिरवा. पांढऱ्या कागदावर पांढरे मेण दिसत नाही, म्हणून कागद उजेडाकडे तिरपा धरून पाहा. जिथे मेण लागले असेल तिथे चकाकी दिसेल.

आता ताऱ्याखाली चार-पाच हिमस्फटिक काढू या. कंपासमध्ये दोन सेंटिमीटर अंतर घेऊन एक अगदी फिकट वर्तुळ काढा. कंपासचे अंतर न बदलता परिघावर एकापुढे एक खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतील आणि सहाव्या खुणेनंतरचे पाऊल पुन्हा पहिलीपाशी येऊन मिळेल. मध्यबिंदूपासून प्रत्येक खुणेपर्यंत मेणबत्तीने रेघ ओढा. हे झाले स्फटिकाचे सहा हात. प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी छोट्या तिरप्या फांद्या काढा. हातच सहा का, ते पुढे पाहू.

शेवटी मेणबत्ती आडवी धरून कागदाच्या खालच्या भागावर अलगद घासा. कागदाचा पृष्ठभाग वरवर गुळगुळीत वाटला तरी त्यावर बारीक उंचवटे आणि खळगे असतात. हलक्या हाताने घासलेले मेण फक्त उंचवट्यांवर बसते. तेथे पुढे काय दिसेल, याचा अंदाज आत्ताच बांधून ठेवा.

आता छोट्याला बोलवा. निळा रंग भरपूर पाण्यात पातळ करून द्या. पोस्टरचा दाट रंग नको, कारण तो मेणावरही थर धरून बसतो. छोट्याला एवढेच सांगा, “या कोऱ्या कागदावर रात्रीचे आकाश रंगव.” ब्रश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा, एकाच जागी घासत राहायचे नाही. निळ्या आकाशात हळूहळू पांढरा तारा उगवेल, मागोमाग हिमस्फटिक दिसू लागतील. खाली, जिथे तुम्ही मेण अलगद घासले होते, तिथे असंख्य पांढरे ठिपके उमटतील. जणू बर्फ भुरभुरतो आहे!

छोटा नक्की विचारेल, “हा कुठून आला?” लगेच कारण सांगू नका. त्याला बोटाने तारा चाचपू द्या, उरलेल्या मेणबत्तीने दुसऱ्या कागदावर स्वतः रेघोट्या ओढू द्या. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या दिवसांत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने होत आली आहेत. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात तिथे सहा व्याख्याने दिली. ती सगळी एका साध्या मेणबत्तीवर होती! प्रत्येक व्याख्यानात ते मुलांसमोर प्रयोग करून दाखवत. आधी पाहायचे आणि मग कारण शोधायचे, हाच क्रम तुम्हीही पाळा.

असे का झाले?

पुष्कळजण सांगतात, “मेण पाण्याला दूर ढकलते.” हे ऐकायला सोपे, पण बरोबर नाही. मेण पाण्याला ढकलत नाही. खरी गोष्ट अशी की पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ फार असते.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजनकडे थोडा ऋण विद्युतभार असतो, तर हायड्रोजनकडे थोडा धन. त्यामुळे एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला ‘हायड्रोजन बंध’ म्हणतात. थेंबाच्या आतल्या रेणूंना चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना मात्र बाहेरच्या बाजूला शेजारी नसल्याने ते आत खेचले जातात आणि थेंब ताणलेल्या पडद्यात गुंडाळल्यासारखा राहतो. यालाच पृष्ठताण म्हणतात.

कागद बनतो वनस्पतींच्या तंतूंपासून. त्यातील सेल्युलोजच्या रेणूंवर ऑक्सिजन व हायड्रोजनच्या जोड्या ठिकठिकाणी असतात. पाण्याला तिथे जणू आपल्याच जातीचे शेजारी भेटतात. पाणी कागदावर पसरते, तंतूंमधल्या फटींत शिरते आणि आपल्याबरोबर रंगाचे कणही घेऊन जाते. पाणी वाळून गेल्यावर रंग तिथेच राहतो.

मेणबत्तीचे मेण बहुतेक पॅराफिनचे असते. त्याच्या लांबलचक रेणूंत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. ते विद्युतभाराच्या दृष्टीने उदासीन असतात. पाण्याला त्यांची ओढ वाटते, पण ती अगदी क्षीण. आपल्या भाईबंदांचा हात सोडून मेणावर पसरावे, एवढा लाभ पाण्याला तिथे नाही. म्हणून ते स्वतःला आवरून घेते, थेंब बनते आणि मेणावरून ओघळून कागदावर जाते. रंगही त्याच्यामागे जातो. तुमचा तारा पांढरा राहिला तो असा.

हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही. क्षणभंगुर गोष्टीला आपण ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो. अळूच्या पानावर मेणासारखा पातळ थर असतो, शिवाय सूक्ष्म उंचवटेही असतात. म्हणूनच त्यावरचे पाणी मोत्यासारखे गोल होऊन घरंगळते. जावा बेटावरील प्रसिद्ध बाटिक कापडही याच तत्त्वावर रंगवतात. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात, मग ते रंगात बुडवतात आणि शेवटी गरम पाण्याने मेण काढून टाकतात.

कारण खरे की खोटे?

विज्ञानात कारण सांगून भागत नाही, ते तपासावे लागते. आपले म्हणणे खरे असेल, तर पाण्याच्या रेणूंची आपापसांतली ओढ कमी केल्यावर तारा नीट उमटता कामा नये. मग करून पाहा. दोन सारख्या कागदांवर मेणाने सारखे तारे काढा. एकावर नेहमीचा पातळ रंग लावा. दुसऱ्यासाठी त्याच रंगात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब मिसळा.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी जमवून घेते, तर दुसरे मेणाशी. असे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात आणि पृष्ठताण घटवतात. आता पाणी मेणावर पूर्वीसारखे थेंब धरून राहत नाही, पसरू लागते. दुसऱ्या कागदावरचा तारा मळकट, निळसर दिसेल. मेण तेच, कागद तोच, रंगही तोच. बदलले ते फक्त पाणी. तेव्हा ताऱ्याचे गुपित मेणापेक्षा पाण्यातच जास्त आहे, हे आता तुम्ही स्वतः पडताळून पाहिले.

सहाच हात का?

आता उरलेला प्रश्न. थोर खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर प्राग शहरात राहत असताना त्यांच्या कोटावर हिमकण पडले. प्रत्येक कण सहा टोकांचा! पाच किंवा सात टोकांचे का नाहीत, या प्रश्नाने त्यांना पछाडले. १६११ मध्ये त्यांनी यावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि नववर्षाची भेट म्हणून आपल्या मित्राला दिले. त्यात त्यांनी गोळे एकमेकांना खेटून कसे रचता येतात याचा विचार केला. पूर्ण उत्तर मात्र हाती लागले नाही, ते त्यांनी पुढच्या काळातील रसायनशास्त्रज्ञांवर सोपवले.

पुढे अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले. जन्मभरात त्याने पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. नक्षी नाना तऱ्हांची, पण घडण सहाची.

केप्लर यांच्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात, क्ष-किरणांनी स्फटिकांची अंतर्रचना पाहता येऊ लागल्यावर मिळाले. पाणी गोठते तेव्हा प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधांनी चार शेजाऱ्यांशी जोडला जातो आणि या जोडणीतून सहा-सहा रेणूंची कडी तयार होतात. त्या कड्यांवर कडी रचत स्फटिक वाढतो, म्हणून त्याचे सहा कोपरे होतात. कोपरे हवेत जास्त पुढे आलेले असल्याने त्यांना बाष्प अधिक मिळते, ते झपाट्याने वाढतात आणि सहा हात फुटतात.

म्हणजे पाहा, जी ओढ तुमच्या चित्रात पाण्याला मेणावर पसरू देत नाही, तीच ओढ ढगात हिमस्फटिकाला सहा हात देते! कागदावरचा निळा थेंब आणि आकाशातला पांढरा हिमकण एकाच नियमाने चालतात.

बाजारात मिळणाऱ्या नाताळच्या कित्येक शुभेच्छापत्रांवर आठ हातांचे हिमकण छापलेले असतात. कागदाच्या घड्या घालून कातरताना आठ हात करणे सोपे जाते, हे खरे, पण तसा स्फटिक निसर्गात बनत नाही. ताऱ्याची गोष्ट वेगळी. खरा तारा तप्त वायूचा प्रचंड गोळा असतो, त्याला टोके नसतात. चित्रातल्या ताऱ्याला पाच टोके द्यायची की आठ, हे काढणाऱ्याने ठरवायचे. हिमस्फटिकाचे हात मात्र पाणी ठरवते.

गोव्यात किंवा वसईत नाताळात बर्फ पडत नाही. ऑस्ट्रेलियात तर तेव्हा ऐन उन्हाळा असतो. बर्फाची चित्रे युरोपच्या थंडीतून आपल्याकडे आली. तेव्हा हवे तर हिमकणांऐवजी माडाची झाडे आणि दारावरचा कागदी आकाशकंदील काढा, मेण तेवढेच इमानाने काम करील. हिमकण काढणार असाल तर ते सहा हातांचेच काढा. आणि छोट्याने विचारले, “सहाच का?” तर आता तुमच्याकडे उत्तर आहे. पण ते सांगण्याआधी त्याला कंपास धरून परिघावरच्या खुणा मोजायला लावा.