शिकलेल्या अक्षरांतूनच पहिले पुस्तक

भाईंदर : प्रतिनिधी

पहिलीतील मूल पाठ्यपुस्तकातील धडा घडाघडा म्हणून दाखविते आणि घरची मंडळी समाधान पावतात. मात्र त्याच धड्यातील एखादा शब्द कोऱ्या कागदावर लिहून पुढे ठेवला, की अनेकदा मूल गप्प होते. धडा त्याने वाचलेला नसतो. वर्गात ऐकून, चित्र पाहून पाठ केलेला असतो. ही गोष्ट उघड होते ती तिसरीच्या सुमारास, गणितातील शाब्दिक उदाहरणापाशी अडखळल्यावर. तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असतो.

यावरचा एक उपाय म्हणजे ‘डीकोडेबल’ पुस्तके. नाव परके असले तरी नियम साधा आहे. मुलाला जी अक्षरे शिकवून झाली, केवळ त्यांच्यातून तयार होणारे शब्द व वाक्येच पुस्तकात घ्यायची. अंदाज बांधण्यास वाव ठेवायचा नाही. फोनिक्सच्या निमित्ताने इंग्रजी माध्यमातील पालकांना ‘कॅट’, ‘मॅट’ची अशी पुस्तके ठाऊक झाली आहेत.

मराठीला ही कल्पना नवी नाही. वळणाच्या साम्यानुसार ‘ग, म, भ, न’ अशी अक्षरे शिकवून त्यांतून शब्द रचण्याची रीत जुनीच. कानामात्रा नसलेल्या शब्दांच्या त्या धड्यांत सगळे एकमेकांना हुकूमच का सोडत असत, हे कोडे अनेकांना पडले असेल. कारण व्याकरणात आहे. ‘बघ’, ‘कर’, ‘बस’ ही आज्ञार्थी रूपे मात्रेवाचून लिहिता येतात. ‘बघतो’, ‘केले’ लिहिता येत नाहीत.

मराठीत खरी अडचण उच्चारांची कमी आणि संख्येची अधिक आहे. ‘चमचा’ व ‘चिमणी’ यांतील ‘च’ वेगळा, असे अपवाद आहेत. पण ते थोडे. व्यंजने मात्र ३४. बाराखडीची बारा रूपे धरली, की चारशेहून अधिक आकृत्या होतात आणि जोडाक्षरे त्यापुढची. शिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर! संपूर्ण मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द या क्रमाने गेल्यास अर्थपूर्ण वाक्य हाती येईपर्यंत मुलाचा धीर सुटतो.

म्हणून थोड्या अक्षरांचा गट घेऊन एखादी मात्रा त्याच्यासोबतच शिकविण्याची पद्धत पुढे आली. क, म, न, ल, र आणि काना एवढ्यावर ‘काका, मला मका’, ‘नाना, नका ना!’ अशी बोलण्यातील वाक्ये होतात. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात ‘क्वेस्ट’ ही संस्था अशा वर्णसमूहांच्या आधारे काम करीत आली आहे. वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथील सातशेहून अधिक मुलांचा पहिली ते तिसरी असा मागोवा घेणारा अभ्यासही २०११ नंतरच्या काही वर्षांत झाला. अक्षरांचे पद्धतशीर शिक्षण हवे आणि गोष्टी, गप्पा, लेखनही त्याच वेळी हवे, असा त्याचा आग्रह होता.

मीरा-भाईंदरमध्ये हा दुसरा भाग अधिकच महत्त्वाचा ठरतो. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती व उर्दू माध्यमांच्या आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातील इतर माध्यमांच्या शाळांतही मराठी सक्तीची झाली. घरी मराठी न बोलणारे मूल ‘मका’ अचूक वाचील, पण वाचले काय हे त्याला कळेलच असे नाही. अशा वेळी ‘कान’, ‘नाक’, ‘काका’, ‘मामा’ हे मराठी, हिंदी, गुजराती या तिन्ही भाषांत त्याच अर्थाने चालणारे शब्द पहिल्या पुस्तकासाठी सोयीचे; आणि ते अवघ्या तीन अक्षरांत व एका कान्यात बसतात.

या पुस्तकांतील कथानक बेताचेच असते, हे मान्य केले पाहिजे. ती काही महिन्यांपुरती आहेत. चांगल्या गोष्टी मोठ्यांनी वाचून दाखविणे त्या काळात थांबवू नये.

आपले मूल वाचते की आठवते, हे पालकांना घरी पाच मिनिटांत पाहता येईल. शिकवून झालेल्या अक्षरांचे, पण पुस्तकात नसलेले आठ-दहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहावेत. त्यांत ‘रनाका’, ‘लामक’ असे एक-दोन निरर्थक शब्दही मिसळावेत. मूल ते अडखळत का होईना उच्चारीत असेल, तर ते वाचू लागले आहे. ‘लामक’ पाहून ते ‘कमळ’ म्हणाले, तर त्याला पुन्हा त्याच पाच-सहा अक्षरांकडे न्यावे लागेल.