माशाच्या अंगात शिरणारं पाणी

आमच्या फिशटँकच्या काचेवर, पाण्याच्या रेषेलगत, एक पांढरा पट्टा उमटलाय. नखानं खरवडला तर खडूसारखी भुकटी हाताला लागते. बोअरचं पाणी उडून जातं आणि त्यातला दगड मागे उरतो. हो, दगडच! जमिनीखालच्या खडकातून विरघळून आलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहे ते. त्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवलं की आकडा येतो ६४०, म्हणजे लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. तेच मीटर ओट्यावरच्या आरओच्या पाण्यात धरलं की २५.

हे होतं तरी कसं? पाणी आधी कोळशातून जातं. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म छिद्रं असतात, की त्यांचे आतले पृष्ठभाग उलगडून पसरले तर दहा गुंठे जमीन झाकली जाईल. चिमूटभर कोळशात दहा गुंठे! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले भाजून काढतं. ते इथे संपतं.

पुढे येतो गुंडाळून ठेवलेला पापुद्रा. त्याला चाळणी म्हणायला गेलं तर एक कोडं पडतं. मिठातला सोडियमचा कण पाण्याच्या रेणूहूनही लहान असतो, मग पाणी पार होतं आणि तो कसा अडतो? कारण तो एकटा फिरतच नाही. नवरदेवाभोवती वऱ्हाड असावं तसा त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा असतो आणि ते वऱ्हाड त्याला सहजी सोडत नाही. अरुंद दारातून एकटा नवरदेव गेलाही असता, पण वऱ्हाडासकट तो अडकतो.

शिवाय इथे पाण्याची मूळ ओढच उलटी फिरवलेली असते. मनुका पाण्यात टाकला की टम्म फुगतो, कारण पातळ बाजूचं पाणी घट्ट बाजूकडे धाव घेतं. आरओचा पंप दाब देऊन त्याला परत ढकलतो. हे व्यवहारात जमवणारा पापुद्रा १९५०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला.

आता टँककडे बघा. तिथे पोहणारा प्रत्येक मासा म्हणजे तो मनुकाच! त्याचं रक्त बाहेरच्या पाण्याहून खारट, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी अखंड आत शिरत राहतं. गोड्या पाण्यातल्या माशाला तहान भागवण्यासाठी पाणी प्यावंच लागत नाही. उलट ते बाहेर फेकण्यात त्याचा दिवस जातो. गोल्डफिश दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा लघवी करतो. अंगातले क्षारही सतत झिरपून जातात, म्हणून कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून एकेक कण टिपून आत ओढतात. ज्या ओढीशी झगडायला आपण विजेचा पंप लावला, तिच्याशी बोटाएवढा जीव झोपेतसुद्धा झगडत असतो.

मग २५च्या पाण्यात या पेशींनी टिपायचं काय? मॉली जातीच्या माशाला अशा पाण्यात ठेवलं तर पंख मिटून ती जागच्या जागी डुलत राहते. बघवत नाही ते. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया जिवाणू पचवतात तेव्हा आम्ल तयार होतं. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट ते आम्ल शोषून घेतात, पण आरओनं तेही काढून टाकलेले असतात. त्यामुळे पीएच एकाएकी कोसळू शकतो.

पण निऑन टेट्रा हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या कित्येक ओढ्यांचं पाणी पावसाच्या पाण्याइतकं मऊ असतं. जड पाण्यात त्याची अंडी नीट फलत नाहीत. एकाचं अमृत ते दुसऱ्याचं विष!

काही घरांत आरओऐवजी सॉफ्टनर असतो. त्यातले मधाच्या रंगाचे राळेचे मणी कॅल्शियमचा एक कण धरतात आणि बदल्यात सोडियमचे दोन सोडतात. १८५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी अशीच अदलाबदल चक्क शेतातल्या मातीत होताना पाहिली होती. सॉफ्टनरच्या पाण्यात साबणाला भरपूर फेस येतो, पण मीटर लावा, आकडा जवळपास तिथेच! क्षार गेले नाहीत, फक्त बदलले. मॉलीला हवं ते कॅल्शियम गेलं आणि निऑनला नको असलेला क्षारांचा भार तसाच राहिला. म्हणून टँकसाठी मी ते पाणी वापरत नाही.

मी एक बादली बोअरचं आणि तीन बादल्या आरओचं पाणी मिसळते. मीटर १८०च्या आसपास थांबतं. नवे निऑन आणले की पिशवीतल्या पाण्यासकट त्यांना भांड्यात सोडते आणि टँकमधून बारीक नळीनं थेंब थेंब पाणी त्यात उतरवते, सेकंदाला दोनेक थेंब. तासाभरानं त्यांच्या अंगावरची निळी रेघ उजळायला लागते.