भूकंप आठवतो, की ऐकलेला?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा हादरला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली दगडमातीची, माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या रात्री दीड-दोन वर्षांची असणारी मुले आज तिशीपार गेली आहेत. त्या वयातली आठवण टिकते का?

बहुतेकांच्या स्मृतीत तीन-साडेतीन वर्षांच्या अलीकडचेच प्रसंग सापडतात. या बालविस्मरणाच्या शोधाचा मान सरसकट फ्रॉइडला दिला जातो, तो काही न्याय्य नाही. कॅरोलाइन माइल्स यांनी १८९३ मध्येच अमेरिकेत लोकांना पहिल्या आठवणीचे वय विचारले होते. पाठोपाठ व्हिक्तर आणि कॅथरीन आंरी या दांपत्याने १२३ जणांच्या आठवणी जमवल्या. फ्रॉइडने १८९९ च्या आपल्या लेखात आधार घेतला तो याच दांपत्याचा.

तान्ह्या बाळालाही काही गोष्टी लक्षात राहतात. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलिअर यांनी आपले रडणारे बाळ रमावे आणि आपले लिखाण उरकावे म्हणून त्याच्या पायाला फीत बांधून ती पाळण्यावरच्या चिमणाळ्यासारख्या खेळण्याला जोडली. पाय झाडला की खेळणे हले. घरातल्या या सोयीतून पुढे प्रयोगांची मालिकाच उभी राहिली. तीन महिन्यांचे बाळ ही युक्ती आठवडाभर आणि सहा महिन्यांचे सुमारे दोन आठवडे विसरत नाही, असे त्यांतून दिसले. ही अर्थात करण्याची आठवण; सांगण्याची नव्हे.

सांगायला शब्द लागतात. पहिला शब्द वर्षाच्या आसपास येतो. मग काही काळ कुत्रा, शेळी, वासरू सगळेच भू-भू असतात. शब्द वाढतात तसे हे ढोबळ गट फुटत जातात. काळाची कल्पना त्याहून उशिरा येते. तीन वर्षांच्या मुलाचा ‘काल’ गेल्या दिवाळीपर्यंत पोचू शकतो.

गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांचा न्यूझीलंडमधला २००२ चा प्रयोग या विषयात फारच देखणा आहे. सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांना एक जादूचे यंत्र दाखवले गेले: मोठे खेळणे आत टाकायचे, दांडा फिरवायचा, की तेच खेळणे लहान होऊन बाहेर. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने मुलांनी त्यातल्या वस्तूंची छायाचित्रे ओळखली, यंत्रही चालवून दाखवले. मधल्या काळात त्यांची भाषा कितीतरी वाढली होती. तरीही प्रसंग सांगताना एकाही मुलाने नंतर शिकलेला शब्द वापरला नाही. त्या दिवशी जे शब्द तोंडी होते, तेवढ्यातच आठवण अडकून राहिली.

म्हणून भूकंपाच्या वेळी दोन वर्षांच्या असलेल्या कुणाला कोसळणारी भिंत आज डोळ्यांसमोर दिसत असेल, तर ते चित्र बहुधा नंतर निवाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्यांचे बोलणे ऐकताना तयार झालेले आहे. यात खोटेपणा नाही. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेलाही आपल्या दुसऱ्या वर्षीचा अपहरणाचा प्रयत्न स्पष्ट दिसत असे. तो पंधरा वर्षांचा असताना दाईने तो प्रसंग बनावट असल्याचे कबूल केले.

‘मग काय झालं? तू कुठं होतास?’ असे विचारत घरात गप्पा झाल्या की मुलांच्या आठवणी भरीव होतात, असे रॉबिन फिवुश यांचे संशोधन सांगते. फ्लोरिडात १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळातून वाचलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना फिवुश आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा बोलते केले, तेव्हा मुलांनी आधीच्या दुपटीहून अधिक तपशील सांगितले.