एकाच चित्रात दिवस-रात्र

मोबाईलचा पडदा दोन रूपांत दिसतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं, नाहीतर काळ्यावर पांढरी. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीत, २०१९ साली, काळ्या रूपाची सोय आली.

आजीला वाचायला कोणतं बरं? ‘पूर्णा नदीवरील येलदरी धरण’ असा मजकूर उघडा, स्क्रीनशॉट घ्या. पान जराही न सरकवता रूप बदलून दुसरा घ्या. अक्षरांचा आकार तोच हवा, नाहीतर तुलना खोटी. मग कोलाजमध्ये दोन्ही शेजारी लावा. काहीजण तिरपा छेद देऊन अर्धं-अर्धं जोडतात. दिसतं झकास, पण एकच शब्द दोन्हीकडे सापडत नाही, मग ताडून काय बघणार? अनुस्वार, रफार नीट उमटतात का, तेच तर बघायचंय!

उन्हात पांढरा पडदा बरा वाचता येतो, अंधारात तोच डोळ्यांवर येतो. म्हणून चित्र आजीला अंगणात दाखवा, नि रात्री दिवा मालवून घरातही.