माझी मैना आणि लाल बावटा

रॉक संगीताची कथा बहुतेक जण १९५४ साली मेम्फिस शहरात एल्व्हिस प्रेस्लेची पहिली तबकडी निघाली तिथून सांगतात. सांगोत. त्याच्या दहा वर्षे आधी, १९४४ साली, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले, आणि आपल्याकडचे गाणे कामगारांच्या सभेत येऊन उभे राहिले.

त्यांनी वाद्ये बदलली नाहीत. डफ, ढोलकी, तुणतुणे तेच. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम खडी गंमत पाहणाऱ्या झाडीपट्टीला सांगायला नको. अण्णाभाऊंनी गणातल्या गणपतीच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन घातले व गवळण गाळली. शाळेत दीड दिवस गेलेला, वाटेगावाहून पायी मुंबई गाठून गिरणीत राबलेला माणूस! मी तर चार इयत्ता तरी शिकलो.

त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. छक्कड म्हणजे लावणीच्याच घरातली. गरिबीपायी मुंबईला निघालेला नवरा गावी राहिलेल्या बायकोचे रूप आठवतो. ऐकणारा खुलतो. मग मुंबईची श्रीमंती आणि तिच्याशेजारची भूक येते, मग लढा येतो, आणि शेवटी मैनेची ताटातूट व बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची ताटातूट एकच होऊन जाते. लावणी कुठे संपली आणि राजकारण कुठे सुरू झाले, हे श्रोत्याला कळतही नाही. बिडी कामगारांच्या सभांत मी कित्येक ठराव वाचले. टाळ्या पडल्या, लोक घरी गेले. मजुरीचा दर समजावून द्यावा लागतो. नवरा परगावी असणे म्हणजे काय, ते कोणाला समजावावे लागत नाही.

आपल्या विदर्भात बापूजी अणे ह्यांच्यासारखे थोर पुढारी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे होते. त्यांनाही ह्या नवऱ्याचे दुःख खोटे म्हणता आले नसते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. ती चार नावे बाहेरच राहिली. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, त्यानंतर सहा आठवड्यांनी अमर शेख. धान कापणी आटोपून नागपूर-पुण्याकडे कामाला जाणारी आपली पोरे आज ती छक्कड मोबाइलवर ऐकतात. उंबरगाव कुठे आहे विचारले तर सांगता येत नाही, पण गाणे संपेपर्यंत कोणी बंद करत नाही.